दाराचा डाव

सन १९९८ च्या ऑगस्टमध्ये पाळकसाहेब पुण्याहून दहा दिवसांचं शिबिर करून आले आणि रविवारची उपासना संपल्याबरोबर त्यांनी भिंतीवर एक भलामोठा कागद चिकटवला. कागदावर आंब्याचं झाड होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘प्रत्येक कार्यकर्त्यानं एक कार्यकर्ता घडवावा.’ झाड इतकं झकास काढलं होतं की मागच्या बाकावरच्या दोघींनी आधी आंब्याची जात विचारली.

कसबा बावड्यातलं हे चर्च लहान. माणसं दीडशे, पण कामं सगळी तिघांच्या गळ्यात. गुंडूमास्तर पेटी वाजवायचे. बायडाबाई सणाचं जेवण रांधायची. आणि उरलेलं सगळं, म्हणजे दार, घंटा, सतरंज्या, माईक आणि माईकवर बसणारी कबुतरं, हे सयाजीकडं. सव्वीस वर्षं तो हे करत होता, आधी साखर कारखान्यातली नोकरी सांभाळून. निवृत्त झाल्यावर तर त्याच्याकडं दुसरं काही उरलंच नव्हतं. घरात टीव्ही कुठला लावायचा तेही नातू ठरवायचा.

पाळकसाहेब अमरसिंह चोपडे एकोणतीस वर्षांचे होते आणि त्यांचा झाडावर विश्वास होता. ते म्हणाले, “नोव्हेंबरात हंगामाची उपकारस्तुती आहे. त्या दिवशी सगळं काम नव्या माणसांनी करायचं. जुन्यांनी फक्त बाकावर बसायचं.”

“बसून काय करायचं?” सयाजीनं विचारलं.

“उपासना.”

सयाजीला हे काम नवीन होतं.

त्याच्या हाताखाली स्नेहल आली. बावीस वर्षांची, कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी, आणि कुणी शिंकलं तरी वहीत लिहून घेणारी. पोरगी हुशार होती, हीच अडचण होती. सयाजी त्याच संध्याकाळी गुंडूमास्तरांकडं गेला. मास्तर तरुणपणी दोन वर्षं तालमीत होते आणि त्याचा दाखला म्हणून त्यांचा डावा कान मुडपलेला होता.

“मास्तर, सगळं शिकवून टाकल्यावर मी काय करायचं?”

“तालमीत काय करत्यात? वस्ताद पठ्ठ्याला समदे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो. उद्या पठ्ठ्या उलटला तर?”

“स्नेहल कशाला उलटंल वो?”

“राखून ठेव म्हणतोय न्हवं. मीबी ठेवणार हाय.”

शेजारच्या पायरीवर बायडाबाई तांदळातले खडे काढत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “माझं तर कवाच ठरलंय.”

सयाजीनं दार राखून ठेवलं. चर्चचं पुढचं दार सागवानी, पावसानं फुगायचं ते थेट उन्हाळ्यापर्यंत फुगलेलं राहायचं. किल्ली आधी उलटी अर्धा आटा फिरवायची, मग सुलटी, उजवा गुडघा खालच्या फळीला टेकवायचा, कडी वर उचलायची आणि श्वास सोडायचा. श्वास सोडला नाही तर दार उघडत नसे. मंडळीत हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

बाकी सगळं त्यानं हातचं न राखता शिकवलं. कुठली सतरंजी कुठं फाटलीय, माईकची वायर कुठं मुरगळायची, घंटा किती वेळा ओढायची. दोन महिन्यांत वही भरत आली.

“मामा, आणि दार?” एकदा स्नेहलनं विचारलं.

“दारात काय शिकायचंय? दारासारखं उघडतं.”

तिनं तेही लिहून घेतलं. ते मात्र त्याला बरं वाटलं नाही.

तिनं बघू नये म्हणून तो पंधरा मिनिटं आधी येऊन दार उघडू लागला. शिकायची हौस म्हणून तीही लवकर येऊ लागली. मग तो आणखी लवकर. ऑक्टोबर संपेपर्यंत साडेआठच्या उपासनेचं दार पावणेपाचला उघडत होतं आणि बावड्यातले दूधवाले आत डोकावून विचारत होते, कोण वारलंय काय.

किल्ली आदल्या रात्रीच स्नेहलकडं देऊन उपकारस्तुतीच्या दिवशी सयाजी मुद्दाम उशिरा निघाला. इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत दोनदा पाठ केलं. स्नेहल पळत येईल, रडकुंडीला आलेली असेल, आपण म्हणायचं, ‘हां हां, बघू की.’ सगळी मंडळी उन्हात ताटकळत असेल, ती बाजूला सरेल.

अंगणात कुणीच नव्हतं. दार बंद होतं. आणि आतून गाण्याचा आवाज येत होता.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सयाजी बंद दाराच्या बाहेर उभा होता. मंडळी आत कशी गेली हे कळेना, म्हणून तो वळसा घालून मागं गेला. मागं पाळकसाहेबांचं घर चर्चला लागूनच होतं आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून चर्चमध्ये एक चिंचोळं दार निघत होतं. रांगेचं शेपूट अजून स्वयंपाकघरात होतं. माणसं अर्पणाचे ऊस, भोपळे, नव्या तांदळाच्या पिशव्या घेऊन शेगडीला वळसा घालत होती. शेगडीपाशी पाळकीणबाई सुष्मिता उभ्या राहून प्रत्येकाच्या हातात चहाचा कप देत होत्या. एक बोकडही रांगेत होता. त्यानं चहा घेतला नाही.

“मामा, तुम्ही शेवटचे,” पाळकीणबाई घाम पुसत म्हणाल्या. “एकशे बेचाळीस कप झाले. साखर संपलीय.”

पुढं उभ्या पिराजीनं मागं वळून बघितलं. “सयाजी, ही वाट आधीच का न्हाय दावलीस? सव्वीस वर्षं आमी कोरडं येतोय.”

सयाजी बिनसाखरेचा चहा घेऊन बाकावर बसला. शेजारी गुंडूमास्तर खाली मान घालून बसले होते. पेटीची एक पट्टी आपोआप वाजते आणि तिच्याखाली पोस्टकार्ड सारावं लागतं, हे त्यांनी राखून ठेवलं होतं. त्यामुळं प्रत्येक गाण्यामागं एक सूर सतत घुमत होता आणि मंडळी डोळे मिटून डोलत होती. नवीन चाल सगळ्यांना आवडली होती. बायडाबाईनं रश्श्यातलं काय राखलं होतं कुणास ठाऊक, पण पातेल्याचा वास आतपर्यंत येत होता आणि तो चांगला होता. त्यामुळं तिचं तोंड पडलं होतं.

स्नेहल सूचना वाचायला उभी राहिली. माईकनं शिट्टी मारली नाही. सतरंजीत कुणाचा पाय अडकला नाही. हे सगळं आपण शिकवलंय, असं सयाजीच्या मनात आलं, आणि तो बाकावर सरसावून बसला. मग दाराकडं लक्ष गेलं आणि तो परत चहाच्या कपात बघू लागला.

आशीर्वाद झाला. जेवण पुढच्या अंगणात होतं आणि लोक पुन्हा स्वयंपाकघराकडं वळले. पाळकीणबाईंचा चेहरा बघवेना. सयाजी उठला आणि स्नेहलजवळ गेला.

“वही आण.”

“कशाला, मामा?”

“दार दारासारखं उघडतं, असं लिवलंयस न्हवं? ते खोड. किल्ली आधी उलटी, अर्धा आटा. आतनं उघडताना डावा गुडघा. आणि श्वास सोड.”

तिनं वही बाजूला ठेवली, किल्ली फिरवली, गुडघा लावला, श्वास सोडला. दार पहिल्याच फटक्यात उघडलं. सयाजीच्या हातून ते कधीच पहिल्या फटक्यात उघडलं नव्हतं.

“तुम्ही काहीतरी राखलंय हे मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “पावणेपाचला दार कोण उघडतंय, मामा?”

“मग इचारलं का न्हाईस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणून पाळकीणवहिनींना आधीच चहा ठेवायला सांगितला.”

सयाजीनं पाठ केलेल्यात हे नव्हतं; त्यानं लोकांसाठी दार धरून ठेवलं. पाळकीणबाईंनी येऊन त्याचे आभार मानले आणि ते अगदी मनापासून होते.

जेवताना पाळकसाहेब ताट घेऊन शेजारी बसले. “मुरगूडला सहा घरं जमतात. तिघं शिकायला तयार आहेत, शिकवायला कुणी नाही. याल का?”

“मी शिकवू?”

“एक घडवलात की.”

पुढच्या रविवारी सयाजी एस.टी.नं मुरगूडला गेला. मंडळी चिमणाबाईच्या गोठ्यात जमत होती. म्हशी बाहेर काढून पोती अंथरलेली. दार नव्हतं, घंटा नव्हती, माईक नव्हता, चौथी भिंतसुद्धा नव्हती. तिघं वह्या उघडून बसले होते.

सयाजीनं थोडा वेळ गोठा निरखला. मग पहिल्यापासून सुरुवात केली. पेंगणाऱ्याला कुठं बसवायचं, रुसलेल्याला कसं बोलवायचं, पाळकसाहेबांची एस.टी. चुकली तर तोवर कुणी काय म्हणायचं, आणि हाताखालच्याला काही सांगायचं टाळणारा म्हातारा कसा ओळखायचा. साडेबारापर्यंत त्याच्याकडं काहीएक शिल्लक उरलं नाही आणि त्याला सडकून भूक लागली.

“पावणं, जेवणार न्हवं?” चिमणाबाईनं विचारलं.

“जेवणार की,” तो म्हणाला, आणि पोत्यावर मांडी घालून बसला.