सरदारावरची पाळी

दादाचा फोन आला तेव्हा धाकटी तोंडात बारीक खिळे धरून एका खुर्चीच्या बैठकीवर कापड ताणत होती. साठी ओलांडली तरी घरचे तिला धाकटीच म्हणत. बाहेर ती गादीवाल्या बाई. जुने सोफे, खुर्च्या, दिवाण, ज्याची म्हणून कंबर खचली त्याला पुन्हा बसण्याजोगं करणं हा तिचा धंदा.

"माळा रिकामा केला," दादा म्हणाला, "तर काय सापडलं असेल, सांग. सरदार!"

धाकटीने खिळे हातावर काढून घेतले.

"अगं, आपला घोडा! पुढचा एक पाय मोडलाय, खोगिराची चाळण झालीय. तुझ्याकडे पाठवतो, जरा बघ. नातीच्या वाढदिवसाला द्यायचाय. आणि तुझा तर त्याच्यावर जास्त हक्क, सगळ्यात जास्त तूच बसलीस. धाकटी म्हणून लाड काय कमी झाले तुझे!"

"पाठव," धाकटी म्हणाली. त्याहून जास्त बोलली असती तर दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकासमोर शोभलं नसतं.

कारण खरी गोष्ट अशी होती, की ती सरदारावर आयुष्यात एकदाही बसली नव्हती.

सरदार वडिलांनी एका लिलावातून आणला होता. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, काचेचे डोळे, खऱ्या केसांची आयाळ, आणि खाली झुलायला दोन बाकदार पट्ट्या. वडील हिशेबनीस. पोरांना काही फुकट द्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी नियम केला, की घोड्यावर बसायचं तर पाढा म्हणायचा. पाढा चालू तोवर झोका चालू, अडखळला की खाली. दादाला आणि मधल्या भावाला पाढे येत होते, त्यामुळे घोडा त्या दोघांच्याच मालकीचा झाला. धाकटीने दोनाचा पाढा पाठ केला तर दादा म्हणाला, दोनाचा काय, शेंबड्या पोरालाही येतो, दहाच्या वरचा पाहिजे. तिने बाराचा पाठ केला. तोवर नियम विसाच्या वर चढला होता. वडील पेपरातून डोकं काढत नसत, आणि आईला वाटायचं, पोरं पाढे म्हणतायत ना, मग आपण कशाला मध्ये पडा.

शेवटी मधला म्हणाला, "एकोणतीसचा म्हणून दाखव, मग बस." त्याला स्वतःला तो धड येत नव्हता, पण हे त्याला विचारणार कोण?

धाकटी हट्टाला पेटली. भांडी पुसताना एकोणतीसचा, वेणी घालून घेताना एकोणतीसचा. एका सकाळी तो तिला असा घडाघडा आला, की ती ओल्या केसांनी तशीच बाहेरच्या खोलीत धावली. सरदारावर दादा आणि मधला दोघेही एकदम बसले होते, एक पुढे, एक मागे, आणि मोठमोठ्याने एका पाढ्याची वाट लावत होते. "माझी पाळी" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि सरदाराचा पाय कडकन मोडला.

वडील म्हणाले, बघू, दुरुस्त करू. घोडा माळ्यावर गेला आणि ते "बघू" पुढे वडिलांबरोबरच गेलं. पाढा मात्र धाकटीजवळ राहिला. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवी पडली की ती तो मनात म्हणायची. नवरा दवाखान्यात गेला, तेव्हाही बाहेरच्या बाकावर बसून तिने तोच म्हटला होता. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

टेम्पोवाल्याने चादरीत गुंडाळलेला सरदार दुकानात उतरवला, तेव्हा तिने आधी त्याच्या काचेच्या डोळ्यांवरची धूळ पदराने पुसली. मग ठरवून टाकलं. नातीला द्यायचा, आनंदाने द्यायचा. पण आधी माझी पाळी.

खोगीर तिच्या हातचा मळ होता. लाकडाचं काम मात्र शेजारच्या सुताराचं. त्याने घोड्याला उलटापालटा करून पाहिलं.

"होऊन जाईल, बाई. मूल केवढं आहे? तीन वर्षांचं, चार?"

"वजन माझं धरा."

सुताराने पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. "म्हणजे... तुमचं?"

"तुम्हाला इथे दुसरं कुणी दिसतंय का?"

"अहो, पण हे खेळणं आहे!"

"मग मी काय लढाईवर जाणार आहे त्याच्यावर बसून?"

सुतार हसला. त्याला वाटलं, बाई चेष्टा करतायत. त्याने मोडलेला पाय नीट चिकटवला, आतून लाकडी खुंटी घातली, वरून पॉलिश मारलं आणि घोडा आणून दिला. दिसायला फर्मास. धाकटीने शेजारच्या बांधकामावरून वाळूची दोन पोती मागून आणली होती, ती एकावर एक खोगिरावर ठेवली आणि घोडा हलकेच झुलवला. तिसऱ्या झोक्याला पाय त्याच जागी बोलला. तोच आवाज. तिने पोती खाली उतरवली.

"सांगितलं होतं ना, मुलांचं खेळणं आहे," सुतार म्हणाला.

"आणि मी सांगितलं होतं, वजन माझं धरा."

वाढदिवस तोंडावर आला होता. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. धाकटी कोपर टेकून जमिनीवर आडवी झाली आणि सरदाराकडे खालून बघत राहिली. घोडं पेंड खात होतं ते इथेच. बसणाऱ्याचा सगळा भार पुढे झुकला की त्या एकाच पायावर यायचा. खुर्चीच्या बैठकीखाली ती आडवेउभे पट्टे विणते ते कशासाठी? भार एका जागी साचू नये, सगळीकडे वाटला जावा म्हणून. घोडा काय आणि खुर्ची काय, बसणारं माणूस तेच.

"चिकटवाचिकटवी पुरे," ती उठत म्हणाली. "हा पाय काढा, अख्खा नवा करा. पुढच्या दोन पायांना आडवी दांडी द्या, मागच्यांनाही. पोटाखालून मी जाड पट्टा फिरवते. आणि खुंटी नको, बोल्ट हवेत."

"बोल्ट दिसतील, बाई. जुन्या वस्तूची शोभा जाईल."

"जाऊ दे. शोभेपायीच तो इतकी वर्षं माळ्यावर पडून होता का?"

सुताराने मान डोलावली. ह्या वेळी तो हसला नाही, आणि लाकूडही त्याने ठेवणीतलं काढलं.

दादा वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच येऊन थडकला, नातीला घेऊन. तिला म्हणे दम निघत नव्हता. खरं तर दम दादालाच निघत नव्हता. दुकानाच्या मधोमध सरदार उभा होता. नवं लाल खोगीर, विंचरलेली आयाळ, आणि पायांना चार ढळढळीत बोल्ट.

"वा! उचलू का?" दादाने बाह्या सारल्या.

"थांब. आधी माझी पाळी आहे."

"तुझी?" दादाला हसू फुटलं. "अगं, मोडेल तो! मग हिला काय सांगू मी?"

"सांग, आत्याआजीने मोडला. तुम्ही दोघांनी मोडलात तेव्हा मला कुणी काय सांगितलं होतं?"

"पण लहानपणी तूच तर..."

"कधी? एक दिवस सांग, दादा. मी सरदारावर बसलेय आणि तू बाजूला उभा आहेस, असा एक दिवस आठवून सांग."

दादा आठवायला लागला आणि आठवतच राहिला. बाह्या त्याने हळूच पुन्हा खाली ओढल्या.

धाकटीने पदर खोचला, एका हाताने आयाळ धरली आणि पाय पलीकडे टाकला. गुडघा कुरकुरला, घोडा नाही. दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुताराने श्वास रोखून धरला.

"एकोणतीस एके एकोणतीस," ती म्हणाली आणि जमिनीला रेटा दिला.

सरदार पुढे गेला, मागे आला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी हसू येईल, लाज वाटेल. तसलं काही झालं नाही. पोटातून नुसता आनंद वर येत होता, आणि तो तिने अडवला नाही. दुकानातल्या खुर्च्या खालीवर होत होत्या. साते दोनशे तीन. इथे मधला हटकून पडायचा. ती पडली नाही. दाहे दोनशे नव्वद झाल्यावर तिने सरदाराला आपोआप थांबू दिलं, मग मानेवर थोपटलं आणि उतरली. डोळे पुसायचे ते सगळ्यांच्या देखत पुसले.

"आता माझी?" नातीने विचारलं.

"ये," धाकटी म्हणाली.

दादाने नातीला उचलून खोगिरावर ठेवलं आणि सवयीने बोलून गेला, "हां, पण याचा एक नियम आहे बरं का. आधी..."

"दादा!" धाकटी म्हणाली.

दादाने नियम गिळून टाकला आणि नातीच्या पाठीला हात लावून हलकेच झोका दिला.

नातीला झोका आवडला. काहीतरी म्हणायला हवं असं तिचं तिलाच वाटलं असावं. आत्याआजीने म्हटलं होतं ना! तिने आयाळ घट्ट धरली आणि मोठ्या आवाजात सुरुवात केली.

"एक, दोन, तीन, पाच..."

दादाने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने घोड्याला आणखी एक झोका दिला.

"...सहा, आठ, दहा!"

कुणीही तिला खाली उतरवलं नाही.