प्रसादाचा पेला

कोरियातल्या आमच्या आन्दोंगमध्ये कुणी ओतलेल्या सोजूला, तांदळाच्या दारूला, नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. त्यात छुसकच्या, सुगीच्या सणाला सकाळी पूर्वजांपुढे ठेवलेला सोजू पूजेनंतर घरातल्या पुरुषांत वाटला जातो. त्याला नाही म्हटलं तर पापच. बाबांना हे बरोबर ठाऊक होतं.

गेल्या वर्षी दारूनं त्यांचं यकृत पार सडलं, तेव्हा माझं आणि ग्यु-होदादाचं, दोघांचंही यकृत त्यांच्याशी जुळलं होतं. आई माझा हात धरून रडली. "इन-सुक, तो थोरला आहे गं. त्याला काही झालं तर आमच्यामागं पूजा कोण करणार?" पोट माझं फाडलं, माझं अर्धं यकृत काढून बाबांना बसवलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, मुलीला पुन्हा देता येणार नाही, आणि बाबांनी दारूला शिवायचं नाही.

यंदा पूजा उरकत आली तेव्हा मी आणि आई स्वयंपाकघरात मासे तळत होतो. पूजेत आम्हाला जागा नाही, तळायला आहे. बाहेर काका बाबांना आग्रह करताना ऐकू आले. "घे रे दादा, एक घोट. आपल्या बापाचा प्रसाद आहे, दारू नाही."

"घ्या बाबा," ग्यु-होदादा म्हणाला. "सणासुदीला काय होतंय?"

मी उलथनं हातात घेऊनच धावले. तोवर बाबांनी पेला रिकामा करून मिशा पुसल्या होत्या.

"बाबा! डॉक्टर काय म्हणाले होते?"

"आली बघा डॉक्टरीणबाई!" काका म्हणाले.

बाबांनी पेला पुन्हा पुढं केला. "तुझं अर्धं अजून शिल्लक आहे ना? मग कशाला ओरडतेस?"

सगळे खो खो हसले. दादा, आमच्याकडे वडिलांसमोर पितात तसा, अदबीनं मान वळवून पीत होता, त्यालाही हसू आवरेना. थंडीत आजही माझे टाके ओढतात, आणि ही माणसं त्यावर हसत होती. मला असा संताप आला की ओरडायचंही सुचेना.

मी उलथनं खाली ठेवलं, दादाच्या पुढ्यातली बाटली घेतली, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी बाबांचा पेला काठोकाठ भरला.

"प्या बाबा, हवं तेवढं प्या. माझं आता घेता येत नाही. पण दादाचं जुळतंय, आणि अख्खं आहे. पुढची पाळी त्याची."

हसणं बंद झालं. दादाचा हात पेल्यावर पडला. "पुरे बाबा."

"अरे, प्रसाद आहे..."

"ठेवा म्हणतो ना!"

दादानं बाबांवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. पेला कलंडला, बाबांची मांडी भिजली. काका खिडकीबाहेर बघू लागले.

मघाशी बाबा पीत होते तेव्हा आई तव्यावरचे मासे उलटत होती. आता ती धावत आली. माझ्या हातातली बाटली हिसकावून तिनं मोरीत ओतली, मग कपाटातल्या ठेवणीतल्या बाटल्याही ओतल्या. "ह्या घरात पुन्हा दारू दिसली तर बघा!" ती रडत दादाच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्या यकृतासाठी तिनं एक बाटली जागची हलवली नव्हती.

बाबा दादाकडे बघत होते.

"लागलंच तर देशील ना रे?"

दादा चटईवरचा सोजू पुसत राहिला. "लागूच देऊ नका," तो म्हणाला.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. मला फार बरं वाटलं.