लॅडलमधला ओलावा

गंगाधररावांनी चाकावरची धूळ गमछ्यानं पुसली आणि भेगेत नख घातलं. नख सरळ आत गेलं. सिमेंटच्या भट्टीला बसवायचं ते प्रचंड दातेरी चाक काल संध्याकाळपर्यंत धडधाकट होतं. आज सकाळी सिलतऱ्याच्या पोलाद ओतकामाच्या कारखान्यात ते आवारात पडल्या पडल्या तडकलेलं सापडलं.

“सर, टेस्टिंगमध्ये तं एकदम ओके होतं,” तपासणीवरची शर्मिष्ठा म्हणाली. “मग काहून फाटलं?”

“हायड्रोजन. पहिल्या दिवशी दिसत नाही तो. आत दबा धरून बसते.”

कारण शोधायला लांब जायची गरजच नव्हती. विश्वकर्मा पूजेला कारखान्यातली एकूण एक आग विझवतात. वितळलेलं पोलाद ओतायची लॅडल तापत ठेवणारा बर्नरही विझतो. भादव्याची दमट हवा, लॅडलच्या अस्तरानं रात्रभर ओल पिऊन घेतली. त्या ओलीतलाच हायड्रोजन पोलादात शिरतो. दुसऱ्या दिवशी ती लालबुंद होईतो तापवायची, हे गंगाधरराव आयुष्यभर इतरांना ओरडून सांगत आले होते. हे चाक ओतायच्या दिवशी मात्र लॅडल नीट तापायच्या आधीच तेच म्हणाले, “ओता.” एकुलत्या एका मुलाची, भार्गवची, तेरवी उरकून ते त्याच सकाळी कामावर आले होते. डोळ्यांत टिपूस नाही, काय छातीचा माणूस आहे, असं सगळे कौतुकानं म्हणत होते.

“ओतल्यावर काही उपाय नव्हता का, सर?”

“होता. भट्टीत ऊब देऊन ठेवायचं. घाई नाही करायची. हळूहळू निघून जाते तो.”

बोलता बोलता ते थबकले. त्यांना बायको, विमल, आठवली. पोरगा गेल्यापासून तिला रडताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. आणि दिवाळी तोंडावर आली म्हणून तिचा भाऊ श्रीपाद आज दुखवटा काढायला येणार होता. माहेरची साडी नेसवायची, गोड खाऊ घालायचं, की शोक संपला.

त्यांनी स्कूटर काढली आणि थेट ब्राह्मणपाऱ्यातलं घर गाठलं. श्रीपाद साडी पुढे करून बसला होता.

“नेस न, ताई. किती दिवस अशी राहशील?”

“राहू द्या, श्रीपाद,” गंगाधरराव दारातूनच म्हणाले. “इतक्यात नको. तिले आधी रडू द्या.”

विमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. साडी हळूच बाजूला सारली.

“मी तं रोज रडते,” त्या म्हणाल्या. “न्हाणीत, नळ सोडून. तुमची वाट पाहून राहिली होती.”

गंगाधररावांनी दाराची चौकट धरली.

“चाक फुटलं, विमल,” कसंबसं ते म्हणाले, आणि चपलांसकट उंबऱ्यावरच बसले. मग तो आवाज आला. असा आवाज त्या घरानं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

श्रीपाद मान खाली घालून बाहेर ओट्यावर गेला. विमलाबाईंनी नवऱ्याचं डोकं छातीशी धरलं आणि त्याही मोठ्यानं रडू लागल्या. त्या दिवशी त्यांनी नळ सोडला नाही.