दोरीपलीकडची खुर्ची

मी एक बुटकी खुर्ची. फिलाडेल्फियातल्या एका जुन्या विटांच्या घरात, तळघरातल्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी असते. अंग अक्रोडाचं. अडीचशे वर्षं झाली म्हणतात. मला कुठलं मोजता येतंय!

या घरात राबायला एक बाई होती, मालकानं विकत घेतलेली. मालक बाहेर पडला की घटकाभर माझ्यावर टेकायची. तिचा भार अजून माझ्या अंगात आहे. आता गाईड मालकाचं नाव सगळ्यांना सांगते. तिचं कुणालाच ठाऊक नाही.

घराचं म्युझियम झालं, माझ्यापुढे दोरी आली. साठ वर्षं कुणी बसलं नाही हो! त्यात कानावर आलं, सोमवारी मला काचेत घालणार. मग मी आल्यागेल्याला मनातून विनवायला लागले. बसा, एकदाच बसा.

शनिवारी वेस्ट विंडसरहून जगन्नाथकाका, सुलभाकाकू आणि त्यांची लेक अदिती आली. जिना उतरताना काकूंना घेरी आली.

"आई, शुगर लो झाली ना? काही खाल्लं नाहीस?"

"संकष्टी आहे गं. चंद्र दिसेपर्यंत..."

"बाप्पा काय इथं कॅमेरा लावून बसलाय?" काका चिडले, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

माझा जीव गोळा झाला. या, या!

"प्लीज, नॉट दॅट वन!" गाईड धावली. "मी वरून दुसरी आणते."

"कशाला? भुई कुठं पळालीय?" म्हणत काकूंनी खालीच मांडी घातली आणि मागं रेलल्या. दोरी दबली. त्यांची पाठ माझ्या पायाला टेकली.

माझे सांधे करकरले. मोडले तर ही पडेल! होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी उभी राहिले.

अदितीनं पर्समधला खजूर भरवला. हळूहळू काकूंच्या तोंडावर रंग आला. उठताना त्यांचा पाय मला लागला. लगेच वाकून त्यांनी मला हात लावला, तो कपाळाला नेला.

"आई, इट्स जस्ट अ चेअर!"

"असू दे. पाठ टेकू दिली तिनं."

आज सोमवार. जिन्यावरून काच उतरतेय. माणसं एकमेकांना म्हणताहेत, सांभाळ, सांभाळ. मला पळता येत नाही.

तुम्ही कधी आलात, तर माझं वय विचारू नका. काचेपाशी भुईवर बसा, माझ्याकडे पाठ करून. आणि रेला जरा. मी धरते.