भरलेल्या कोंबडीची चिकित्सक आवृत्ती

संपादकांनी कोंबडीच्या पोटात मनगटापर्यंत हात घातला आणि भाताचा शेवटचा गोळा आत दाबून बसवला. चार बेदाणे बाहेर निसटले. त्यांनी ते एकेक करून परत आत ढकलले. जुन्या हस्तलिखितांतली गळालेली अक्षरं जागच्या जागी बसवण्यात ज्यांची चाळीस वर्षं गेली, ते बेदाण्यांपुढे हार मानणार नव्हते.

"शिवायला दोरा पांढरा घ्या. लाल घेतलात तर रंग उतरेल," टेबलापाशी बसलेली बायको म्हणाली. तिचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"तू काही सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"मी कुठे सांगतेय? मी दोऱ्याशी बोलतेय."

महिन्यापूर्वी ती जिन्यात पडली, तेव्हापासून परगावच्या मुलीचा रोज फोन: आईला मी घेऊन जाते, तिथे तुम्हा दोघांच्या जेवणाखाण्याचं कोण बघणार? प्रश्न अदबीने विचारलेला, म्हणून अधिकच झोंबणारा. संपादकांनी एका वाक्यात उत्तर दिलं होतं: सणाला जेवायला ये, मी करतो, मग बोलू. या सगळ्यावर बायकोचं मत कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे ते विचारात घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

कृतीच्या तीन प्रती उपलब्ध होत्या. ओव्हनची वेळ बायकोच्या वहीत सव्वा तास, मेव्हणीच्या जुन्या पत्रात दोन, मुलीने फोनवर सांगितलेली पाऊण. त्यांनी पाठभेद लाल शाईने नोंदवले आणि सर्वांत जुनी प्रत प्रमाण मानली. या पद्धतीने गेल्या आठवड्यात दोन कोंबड्या शेजारच्या कुत्र्याच्या कामी आल्या. मीठ तिन्ही प्रतींत 'अंदाजे' होतं. मृतांच्या एकेका विरामचिन्हासाठी जिवंत माणसांशी वैर पत्करलेल्या या विद्वानाला स्वतःच्या घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं, हे विचारावं लागलं होतं. त्यांच्या कोणत्याही प्रस्तावनेत याचा उल्लेख नाही.

दीड तासाने त्यांनी ओव्हन उघडला. पत्राप्रमाणे अजून अर्धा तास होता. ते वाकून कातडीचा रंग बघत राहिले. मग कोंबडीच्या मांडीत सुरी टोचली. रस स्वच्छ आला. त्यांनी तीनही कागद बाजूला सारले आणि ट्रे बाहेर काढला.



दुपारी मुलगी आली ती पिशवीभर डबे घेऊनच.

"असू द्या बाबा, आपलं अडीअडचणीला."

"फ्रीजमध्ये ठेव."

पहिल्या घासानंतर मुलीने वडिलांकडे पाहिलं. "कुठून मागवलंत?"

"ओव्हनमधून."

"बाबा, मी दहा मुद्दे पाठ करून आले होते. एक शिल्लक ठेवला नाहीत."

"मग ठरलं तर," संपादक म्हणाले. प्रतिपक्ष निरुत्तर झाल्याचं समाधान त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही; ते आवाजात आलं.

बायको डाव्या हाताने चमच्याने जेवत होती. तिने ताटातलं शेवटचं शीत टिपलं आणि चमचा खाली ठेवला.

"ठरलंच," ती म्हणाली. "मी उद्या हिच्याबरोबर निघते."

"अगं, पण आता..."

"तुमच्यात जीव अडकला होता माझा. उपाशी राहाल, नाहीतर घर पेटवून द्याल. आता ती काळजी मिटली." ती मुलीकडे वळली. "तुझी ती बाल्कनीची खोली रिकामीच आहे ना?"

"आहे की. हात बरा होईपर्यंतच ना, आई?"

"बघू."

इतक्या मोकळ्या आवाजात तिला बोलताना संपादकांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. खंडनाची वाक्यं त्यांच्या ओठांपर्यंत आली. एकही त्यांच्या नेहमीच्या कसोटीला उतरलं नाही. त्यांनी सुरी उचलली, कोंबडीची न उष्टावलेली अर्धी बाजू जवळ ओढली.

"गाडी किती वाजता?"

"साडेसात," मुलगी म्हणाली.

ते हाडापासून मांस सोडवू लागले, सावकाश, एकही बारीक हाडूक राहू न देता.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"हाडं काढतोय. प्रवासात एका हाताने खायचंय तुला."