बाबांनी दिलेला दाखला

नारीन शहरातल्या नेमबाजी क्लबात माझे बाबा, मुकाम्बेत, शिकवायचे; सगळे त्यांना 'आगाय', म्हणजे गुरुजी, म्हणत. त्यांच्याकडे सहा तोझ-८ रायफली होत्या. बारीक गोळीच्या, दर वेळी एकच गोळी भरायची. छावणीतले जवान त्यांच्यावरच शिकत आणि आम्ही शाळेतली मुलंमुलीही. सगळ्यात जुनी रायफल माझ्या आणि शेरीम्बेकच्या वाट्याला आलेली.

"बुरुल, ही तुझ्या आजीच्या वयाची. आणि तिच्यासारखीच हट्टी," तो म्हणायचा. तरी पन्नास मीटरवर त्याच्या दहाही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जात.

आमचं लग्न ठरलं होतं. त्याच्या आईनं, कालीपा आपांनी, माझ्या कानांत मागणीचे झुमके घातले होते.

त्र्याऐंशीच्या वसंतात त्याला सैन्यात बोलावणं आलं. भरती कार्यालयासाठी प्रत्येक नेमबाजाचा दाखला बाबांनीच लिहायचा असे. शेरीम्बेक टोपी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"आगाय, माझ्या नेमबाजीचं काही लिहू नका. स्वयंपाकखान्यात टाकलं तरी चालेल."

बाबा हसले. "माझा सगळ्यात चांगला चेला बटाटे सोलणार?"

"चांगल्या नेमबाजांना अफगाणिस्तानात सगळ्यांत पुढे ठेवतात म्हणे."

"घाबरलास होय रे?" हे मी म्हणाले. बाबा नाही, मी.

त्याचे कान लाल झाले. "छे! लिहा, आगाय."

बाबांनी लिहिलं, 'हात अत्यंत स्थिर.'

पुढच्या फेब्रुवारीत शेरीम्बेकची जस्ताची शवपेटी आली. उघडायची नाही, असं सोबतच्या अधिकाऱ्यानं बजावलं. अंगणात मयताचा तंबू उभारला. पुरुषमाणसं रीतीप्रमाणे लांबूनच हंबरडा फोडत येत होती. बाबा मात्र मुकाट्यानं आले. कालीपा आपा बाहेर गेल्या.

"मुकाम्बेत, माझ्या लेकासाठी रडायला तुमच्याकडे आवाज नाही?"

बाबा बर्फातच गुडघे टेकून बसले. "विहीणबाई, लिहू नका म्हणून त्यानं मला विनवलं होतं. मी लिहिलं."

आपांनी त्यांच्या दंडाला धरलं. मग म्हणाल्या, "उठा. पेटी जड आहे. खांदा द्या."

मी तंबूत बायकांमध्ये होते. तंबूच्या लोकरी नमद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. माझं वाक्य बाबांनी सांगितलं नाही. मीही उठून सांगितलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं बाबा प्रत्येक दाखल्यात एकच लिहीत राहिले, 'नेम सुमार. नजर अधू.' पदकं मिळवणारी पोरं कागदावर आंधळी! शेवटी चौकशी झाली, त्यांना काढून टाकलं. मग ते एका बॉयलरमध्ये कोळसा टाकू लागले. घरी फारसे बोलत नसत. एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेले.

त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी कालीपा आपांकडे गेले. त्या लोकर पिंजत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्यांचे हात थांबले.

"आणि इतकी वर्षं हे तू बापाला एकट्यालाच वाहू दिलंस?"

त्यांनी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळानं मीच दार ओढून घेतलं आणि घरी आले.