बिनवासाचा गॅस

"कान फसतात, डोळे फसतात. नाक नाही फसत, पोरा. आधी हुंग, मग बोल."

पंपावरचं काम शिकवणाऱ्या उस्तादांचा हा आवाज एकतीस वर्षांपूर्वीचा. उस्ताद गेले, आवाज राहिला. त्या आवाजाच्या बळावरच पेट्रोलपंपावरच्या एका साध्या कामगाराचे नाकदादा झाले. टँकर आला की जाड नळी जोडून आधी थोडंच तेल सोडायचं, कुठे गळत नाही ना ते नाकदादांनी सांध्याशी वाकून हुंगायचं, "चालू द्या" म्हणायचं, तेव्हा कुठे बाकीचं तेल जमिनीखालच्या टाकीत उतरायचं.

चार वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण मुका, चहा मुका, पेट्रोलही मुकं. त्यांनी हे घरी सांगितलं, पंपावर नाही. नाक गेल्यावर नाकदादाला ठेवून घेतंय कोण? ते पूर्वीसारखेच डोळे मिटून हुंगायचे आणि पुसायच्या निमित्ताने सांध्यावरून रुमाल फिरवायचे. रुमाल कोरडा निघाला की "चालू द्या". आजवर तो कोरडाच निघाला होता. स्वप्नात मात्र ओला व्हायचा.

इकडे तेलाचे भाव रोज चढत होते. "अत्तर विकताय का हो?" म्हणत गिऱ्हाइकं नाकदादांवरच डाफरायची.

"अत्तर असतं तर मीच नसतो का लावून आलो?" ते हसायचे.

शेवटी मालकीणबाईंनी दोन पंप काढले आणि तिथे हायड्रोजनचा एक बसवला. शिकवायला एक इंजिनिअर मुलगी आली, हायड्रोजनवर चालणारी गाडी घेऊनच. गाडीच्या मागच्या नळीतून टपटप पाणी गळत होतं.

"धूर कुठंय गं पोरी?" हवा भरणाऱ्या काकूंनी विचारलं.

"धूर नाहीच, काकू. नुसतं पाणी."

"मग हिच्यामागं वांगी लावू या की!"

सगळे हसले. नाकदादाही पोटभर हसले. सकाळचं ऊन अंगणात पसरलं होतं, नवा पंप पांढराशुभ्र दिसत होता, आणि का कोण जाणे, त्यांना फार बरं वाटत होतं.

मुलीने मोकळ्या जागेत सरावाची छोटी टाकी मांडली. "सांगा, या सांध्यातून गॅस गळतोय का?"

एकेकाने वाकून हुंगलं. काकू म्हणाल्या, "नाही." बाकीचेही म्हणाले, "नाही." मग सगळ्यांनी नाकदादांकडे पाहिलं.

ते वाकले. रुमाल फिरवला. कोरडा. पण गॅसला कुठली ओल? "चालू द्या" ओठांवर आलं आणि त्यांनी गिळलं.

"मला नाही कळत, ताई. तुमचा तो गळती ओळखणारा मीटर लावा."

मीटर जवळ नेताच टीं टीं करून ओरडला. मुलीने टाळी वाजवली. "या गॅसला वास नसतो! पेटला तर दिवसा धड ज्योतही दिसत नाही. इथे नाकावर भरवसा न ठेवणारा माणूसच हवा."

"ठरलं तर," मालकीणबाई म्हणाल्या. "उद्यापासून हा पंप नाकदादांचा. आणि तेलाचा टँकर आला की हुंगायला आहेतच ते."

टाळ्या पडल्या. काकूंनी पाठीवर थाप मारली. आता गप्प बसलं की झालं. नवं काम, जुना मान, दोन्ही पदरात. नाकदादांनी काकूंकडे पाहिलं. टँकर उतरताना नळीपाशी उभ्या राहायच्या त्या काकूच.

"बाई," ते म्हणाले, "हा पंप द्या, नका देऊ, तुमची मर्जी. पण टँकरपाशी मला हुंगायला नका बोलावू. चार वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही."